साडूभाऊंचा माल

फेसाचा एवढा तिटकारा करणारा आणि तरीही जन्मभर फेसाचीच भाकरी खाल्लेला माणूस कल्याणपासून कर्जतपर्यंत एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू निघाला. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा या नात्याने ते मला लाभले. 'लाभले' हा शब्द मी आज वापरतो. लग्नानंतरची पहिली आठ-दहा वर्षं मी 'वाट्याला आले' असं म्हणत असे. अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली. राहायला बदलापूर पूर्वेला, आणि महिन्यातले दोन रविवार जेवायला आमच्याकडे, उल्हासनगरच्या कॅम्प तीनला. त्यांच्या कारखान्यात एकच वस्तू तयार व्हायची. तिचं नाव सोडियम लॉरिल सल्फेट. शाम्पू, टूथपेस्ट, धुण्याची पावडर, ज्याला म्हणून फेस येतो त्याच्या पोटात बहुतेक वेळा हा पांढरा पदार्थ असतोच. कामगार त्याला एसएलएस म्हणत. साडूभाऊ मात्र कायम 'आपला माल' म्हणत आले, आणि तेही अशा सुरात की नवख्या माणसाला वाटावं, कारखान्याचे मालक हेच. सायकलवरून येतात ती केवळ साधी राहणी म्हणून.

आमच्या लग्नानंतर ते पहिल्यांदा घरी आले तो दिवस मला लख्ख आठवतो. 'जयभीम' घातला, पाणी प्यायले, 'हात धुवून येतो' म्हणाले आणि बाथरूममध्ये शिरले ते अर्धा तास बाहेरच येईनात. आत नळ वाहत नव्हता, कसला आवाज नव्हता. माझी आई काळजीत पडली. तिने ओवा भाजायला घेतला. नवीन पाहुणा, पोटाचं विचारायचं तरी कसं? शेवटी मीच दारावर हलकेच टकटक केलं. दार उघडून साडूभाऊ बाहेर आले. उजव्या हातात शाम्पूची बाटली, डाव्या हातात टूथपेस्टची पिळून पिळून चपटी झालेली ट्यूब, कपाळावर चढवलेला चष्मा आणि चेहऱ्यावर समाधान. "मास्तर, दोन्हीत आपलाच आहे," ते म्हणाले. मी मराठीचा शिक्षक; मला वाटलं, घरातलं दुसरं कोणी आत सापडलं की काय. त्यांनी बाटलीच्या मागची मुंगीएवढी अक्षरं मला बोटाने दाखवली. भाजलेला ओवा मग आईनेच खाल्ला.

तेव्हापासून पाहतोय, हा माणूस कुणाच्याही घरी गेला की आधी लेबलं वाचतो. लग्नात नवरीच्या रुखवतात ठेवलेल्या प्रसाधनांची पेटी त्यांनी उघडून वाचली होती. माझ्या मामेभावाच्या दहाव्याला, सगळे मान खाली घालून बसलेले असताना, हे कोपऱ्यातल्या फिनेलच्या बाटलीसमोर उकिडवे बसून ओठ हलवत होते. लोकांना वाटलं, काही पुटपुटतायत बिचारे. औषधाचं पाकीट वाचल्याशिवाय ते गोळी गिळत नाहीत. आणि वाचून झालं की वस्तू जागेवर ठेवताना तिचं लेबल बाहेरच्या बाजूला करून ठेवतात. ते येऊन गेले की आमचं स्वयंपाकघर दुकानाच्या शोकेससारखं दिसतं.

बरं, एवढं प्रेम आहे तर फेस पाहून आनंद व्हावा की नाही? तर तसं नाही. 'फेस म्हणजे नुसता देखावा,' हे त्यांचं पहिलं सूत्र. मळ काढतो तो माल, फेस वर बसून श्रेय घेतो. जयंतीच्या दिवशी विहाराच्या अंगणात खिरीची मोठाली पातेली घासायला बायका बसल्या, की साडूभाऊ औषधाच्या टोपणाने मोजून साबणाचं पाणी वाटत फिरतात. "काका, फेसच येत नाहीये," कुणी म्हणालं की म्हणतात, "पातेलं घासतेस का दाढी करतेस?" एकदा माझ्या बायकोने कॅम्प तीनच्या बाजारातून सुटी पावडर आणली, ती घेऊन ते तडक दुकानात परत गेले. मी मागे. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसलेला, चांगला वजनदार माणूस. साडूभाऊंनी खिशातून काचेची छोटी बाटली काढली, पाणी घातलं, चिमूटभर पावडर टाकली आणि भर गर्दीत ती खळाखळा हलवली. बाटली फेसाने भरून गेली. दुकानदार खूश होऊन म्हणाला, "देखो, कितना झाग!" साडूभाऊ म्हणाले, "साईं, वही तो बोल रहा हूँ. खाली झागच है. इसमें माल किधर है?" बराच वेळ वाद झाला, दोघांनी एकमेकांना चहा पाजला, आणि त्या दिवसापासून तो दुकानदार नवीन पावडर आली की आधी यांना वास घ्यायला बोलावतो. अख्ख्या गल्लीत त्यांचं नाव 'झागवाले काका' पडलंय. फेसाच्या शत्रूला याहून वाईट शिक्षा नाही.

त्यांचं दुसरं सूत्र पाण्याबद्दल आहे. "मास्तर, पाणी मुळात आडमुठं. तेलाशी बोलत नाही, धुळीशी बोलत नाही, कोऱ्या कापडातसुद्धा शिरायला तयार नसतं. मध्ये कोणीतरी पडावं लागतं. आपला माल मध्ये पडतो. एक हात तेलाच्या खांद्यावर, एक हात पाण्याच्या." हे नुसतं सांगून ते थांबत नाहीत. कारखान्यात म्हणे मालाची परीक्षा करायला कापडाची चिंधी पाण्यात टाकून ती बुडायला किती सेकंद लागतात ते मोजत. त्यामुळे आमच्या घरात नवीन पंचा, नवीन बनियन, नवीन काहीही आलं की साडूभाऊ त्याची दोन बोटं रुंद कड मागतात. बायको आधी चिडायची, आता कात्री घेऊनच येते. बादलीत चिंधी तरंगते, साडूभाऊ घड्याळाकडे बघत मोजतात, मग दोन थेंब घालतात आणि चिंधी गपकन खाली जाते. एवढ्या वर्षांत हा खेळ मी किती वेळा पाहिला असेल. चिंधी बुडताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो मात्र दर वेळी कोरा असतो. कॅम्पातल्या जीन्सच्या कारखान्यांत कापड भिजतं ते यामुळे, निकेलचा मुलामा देण्याच्या हौदात नळांवर खड्डे पडत नाहीत ते यामुळे, भिंतीचा रंग डब्यात फाटत नाही तोही यामुळेच. पोटात गोळी विरघळते, त्यातही बहुधा हाच. आणि दात घासल्यावर मोसंबी कडू लागते ती मोसंबीची चूक नव्हे, ती आपल्या मालाची. माझा धाकटा भाऊ कडू मोसंबी परत करायला निघाला होता, त्याला त्यांनी तासभर थांबवून पुन्हा खायला लावली. गोड लागली. भावाला ती मोसंबी अजून पचलेली नाही.

या मालाचा वंशही त्यांना तोंडपाठ. मूळ पुरुष खोबरेल. त्याचा मुलगा लॉरिल अल्कोहोल. त्याचा मुलगा हा. "खोबरेलाचा नातू आहे हो," ते कौतुकाने सांगतात, "आजोबा केसांना तेल लावतो, नातू ते काढतो." सुक्या पावडरीच्या रूपात मात्र या नातवाने त्यांच्या नाकावर कायमचा सूड उगवलाय. बारीक कण नाकात गेले की शिंका थांबत नाहीत. पोती भरण्याच्या खात्यात त्यांची सुरुवातीची वर्षं गेली, तेव्हापासून कुणी शेजारच्या इमारतीत धुण्याच्या पावडरीची पुडी फोडली तरी यांना इकडे तीन शिंका येतात.

एकदाच मी त्यांना मालाबद्दल बोलताना अडखळलेलं पाहिलं. आम्ही रिक्षाने नाल्याच्या पुलावरून जात होतो आणि खाली पाण्यावर पांढऱ्या फेसाचे ढीग तरंगत होते. रिक्षात दाटीवाटीने बसलेला एक ओळखीचा माणूस हसत म्हणाला, "काका, तुमचा माल चाललाय बघा." साडूभाऊ बराच वेळ खाली बघत राहिले. मग म्हणाले, "एकट्या आपल्याच मालाचा नाहीये तो. पण आपला नाहीच, असंही म्हणता यायचं नाही."

एवढं रसायनशास्त्र तोंडावर असलेला हा माणूस शिकलेला किती, तर बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत. वडील अचानक गेले, पाठीवर तीन भावंडं, म्हणून कॉलेज सोडून ते पोती भरायला लागले. पुढे प्रयोगशाळेतलं सगळं काम ते करायचे, नवीन आलेल्या पदवीधरांना तेच शिकवायचे. पण कागदोपत्री निवृत्त झाले ते 'सिनियर हेल्पर' म्हणूनच. का, ते कधी बोलले नाहीत. ताईंनाही, म्हणजे त्यांच्या बायकोलाही, माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "काम तेच होतं ना? मग झालं."

ते हेल्परच का राहिले, हे कळायला माझ्या मुलीचा प्रकल्प मध्ये यावा लागला. प्रज्ञा इथल्याच एका कॉलेजात एमएस्सी करत होती. बारवी धरणाच्या बाजूच्या गावांत भात काढल्यावर कडवे वाल लावतात. त्यातल्या एका जातीच्या वालाला साठवणीत भुंगा लागत नाही. त्याच्यात असं कोणतं प्रथिन आहे, हे तिला शोधायचं होतं. एका रविवारी साडूभाऊ आणि ताई जेवायला आलेले असताना ती ताटावर बसून रडायला लागली. सबमिशन तीन आठवड्यांवर आलेलं आणि प्रयोग सारखा फसत होता. ताईंनी विचारलं, "अगं पण होतंय काय?"

"मावशी, जेलीसारखी एक पातळ वडी असते. तिच्यातून वीज सोडून प्रथिनं पळवायची. लहान असतात ती पुढे जातात, मोठी मागे राहतात. मग निळ्या रेघा दिसतात. माझ्या रेघाच येत नाहीत, सगळा चिखल येतो. एसडीएसमुळेच होतंय काहीतरी, पण मॅडमना पण कळत नाहीये."

"एसडीएस कोण?" साडूभाऊंनी आमटी वाढून घेत विचारलं.

"कोण नाही काका, केमिकल. सोडियम डोडेसिल सल्फेट."

साडूभाऊंचा डाव हवेतच राहिला. आमटी त्यांच्या ताटाऐवजी माझ्या भातावर पडली. "डोडेसिल म्हणजे बारा," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. "बारा कार्बन. लॉरिल म्हणजे पण बाराच. अगं पोरी, हा तर आपला माल! कॉलेजात जाऊन नाव बदललं की काय यानं?"

प्रज्ञा रडायची थांबली. "तुमचाच? प्रथिनांच्या प्रयोगात हाच लागतो, काका. जगभर. प्रथिनाची गुंडाळी सोडवून त्याला सरळ करतो. याच्याशिवाय आमच्या लॅबमध्ये पान हलत नाही."

"किती लागतो?"

"चमचाभर."

चौतीस वर्षं पोत्यांनी भरलेल्या मालाला चमच्याने मान मिळतोय हे ऐकून ते इतके हलले की श्रीखंड विसरले. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, असे ते प्रज्ञाबरोबर कॉलेजात गेले. अर्धवट सोडल्यानंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांनी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. जाताच त्यांनी एसी बंद करायला लावला. बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसला होता. "थंडी वाजतेय याला. गारठला की असाच खाली बसतो," म्हणून त्यांनी बाटली कोमट पाण्यात ठेवली आणि पाच मिनिटांत द्रावण काचेसारखं स्वच्छ झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी चहा मागवला. संध्याकाळी साडूभाऊ आमच्याकडे आले ते जिना चढताना शीळ घालत.

मंगळवारी प्रयोग पुन्हा फसला. तोच चिखल. प्रज्ञाने घाबरत फोन करून सांगितलं, तर तिकडून नुसतं "असं का" एवढंच आलं. मॅडम काही वाईट बोलल्या नव्हत्या, पण 'तुमच्या काकांचा अनुभव कारखान्यातला आहे, इथलं वेगळं असतं,' असं म्हणाल्या होत्या, आणि प्रज्ञाने भोळेपणाने तेही सांगून टाकलं होतं. बुधवारी ताईंचा फोन आला. "मास्तर, यांचं काय करू? कालपासून जेवत नाहीत. पातेल्यात पाणी घेऊन बघत बसतात. दुपारी डोळा लागला होता तर दचकून उठले आणि 'दही, दही' म्हणाले. वाटीभर दही आणून दिलं तर बघायलासुद्धा तयार नाहीत."

गुरुवारी सकाळी साडूभाऊ आमच्या दारात. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. "प्रज्ञा निघाली का? तिला थांबवा. मास्तर, तुम्ही पण शाळेत रजा टाका आज." स्वयंपाकघरात बसून, चहाला हात न लावता, त्यांनी आम्हाला ती गोष्ट सांगितली. फार वर्षांपूर्वी, कारखान्यात केमिस्टच्या जागेसाठी त्यांचं नाव गेलं होतं. पदवी नसतानाही साहेबांनी शब्द टाकला होता. त्याच महिन्यात एका पाळीला त्यांनी कॉस्टिक सोड्याऐवजी कॉस्टिक पोटॅशचा ड्रम उघडला. दोन्ही ड्रम निळे, दोन्हीत पांढऱ्या पापड्या. "लेबल होतं, मास्तर. छापलेलं होतं. मी वाचलं नाही. केमिस्ट होणार म्हणून हवेत होतो ना." टाकीभर माल बघता बघता दह्यासारखा घट्ट झाला. दोन दिवस माणसं फावड्यांनी तो उपसत होती. साहेबांनी पोलिसात नाही दिलं, नोकरी नाही घालवली. फक्त केमिस्टच्या शिफारशीचा कागद फाडून टाकला. पुन्हा कधी नाव गेलं नाही, आणि यांनीही कधी विचारलं नाही.

"सोडा असला की हा पाण्यात खेळतो. पोटॅश भेटला की दही लागतं," ते म्हणाले. "सोमवारी पोरीच्या नळीत, वालाच्या पाण्यात माल पडल्यावर, जे पांढरं दिसत होतं ना, ते मी आधी कुठंतरी पाहिलंय असं वाटत होतं. पाहिलं नव्हतं, मी ते फावड्याने उपसलं होतं."

माझी बायको ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही. जगातलं प्रत्येक लेबल वाचत सुटलेला हा माणूस मला त्या सकाळी पहिल्यांदा कळला, आणि इतकी वर्षं त्याच्यावर केलेले सगळे विनोद परत घ्यावेसे वाटले.

प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांनी मॅडमना हात जोडले. "मॅडम, मला फक्त बाटल्या वाचू द्या." मॅडम जरा नाराजीनेच 'वाचा' म्हणाल्या. साडूभाऊ फळीच्या एका टोकापासून सुरू झाले. प्रत्येक बाटली उचलायची, चष्मा कपाळावर ढकलायचा, लेबल नाकाशी धरायचं, ओठ हलवत वाचायचं, आणि लेबल बाहेरच्या बाजूला करून बाटली जागेवर ठेवायची. पोरं एकमेकांकडे बघून हसत होती. मी खिडकीशी उभा राहून मनात म्हणत होतो, आज तरी असू दे, आज तरी सापडू दे. दुसऱ्या फळीवर, वाल वाटून ज्यात भिजवायचे त्या द्रावणाची बाटली त्यांनी उचलली. लेबल प्रज्ञाच्याच अक्षरात होतं: फॉस्फेट बफर.

"हा फॉस्फेट कोणाचा?"

"म्हणजे?" प्रज्ञाने विचारलं.

"सोडियमचा का पोटॅशियमचा?"

प्रज्ञाने मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी प्रज्ञाकडे. मग प्रज्ञाने धावत जाऊन कपाटातला मूळ डबा आणला. त्यावर ठळक अक्षरांत पोटॅशियम लिहिलेलं होतं. सोडियमचा डबा संपला म्हणून महिनाभरापूर्वी हा उघडला होता. त्याच महिन्यापासून प्रयोग फसत होता. साडूभाऊंनी प्रज्ञाच्या डोक्यावर हात ठेवला. "होतं असं. डबे सारखेच दिसतात."

सोडियमचा नवा डबा शेजारच्या कॉलेजातून आला. वाल पुन्हा वाटले, नवीन वडी बांधली, वीज सुरू झाली. साडूभाऊ स्टूल ओढून त्या काचेच्या पेटीसमोर बसले. निळ्या रंगाची एक रेघ मुंगीच्या पावलाने खाली सरकत होती. ते जेवायलाही उठले नाहीत. संध्याकाळी वडी रंगात घातली, आणि दुसऱ्या दिवशी रंग धुऊन ती दिव्यावर ठेवली. वरपासून खालपर्यंत निळ्या रेघांची शिडी, एकेक रेघ ओळ आखल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, "सर, जरा इकडे येऊन बघता का?" शिक्षकाच्या सवयीने मी पुढे झालो. मॅडम ओशाळून म्हणाल्या, "नाही, तुम्ही नाही. मी या सरांना म्हणतेय." साडूभाऊंनीही मागे वळून पाहिलं, तिथे अजून कोणी उभं आहे का म्हणून. मग ते पुढे गेले, त्या रेघांवर वाकले आणि चष्मा कपाळावर ढकलून वरपासून एकेक रेघ वाचत गेले.

"आम्हाला कुणी सांगितलंच नाही," ते शेवटी म्हणाले. "आम्ही पोतं शिवायचो आणि ट्रकमध्ये टाकायचो. पुढे असं होतं, हे कुणी सांगितलंच नाही."

परत येताना रिक्षात ते मला म्हणाले, "मास्तर, ड्रमची गोष्ट तुमच्या ताईला मीच सांगीन." त्या रात्री त्यांनी ती सांगितली. ताईंचं म्हणणं एवढंच पडलं, की एवढ्यासाठी इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरातले डबे वाचत होता होय, मला वाटायचं माझ्यावर विश्वास नाही. प्रज्ञाला पहिला वर्ग मिळाला. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तिने काकांच्या नावापुढे 'रसायनतज्ज्ञ' असं लिहिलं. साडूभाऊंनी ते वाचलं, 'छपाईची चूक आहे' म्हणाले, आणि त्या पानाच्या पाच झेरॉक्स काढून आणल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांना दम लागायला लागला. सायकल सुटली, मग जिना नकोसा झाला, चेहरा उतरला. बदलापूरच्या एका तपासणी केंद्रात रक्त द्यायला मीच घेऊन गेलो. रक्त काढणाऱ्या मुलीला त्यांनी विचारलं, "मशीनमध्ये कुठलं केमिकल वापरता?" ती बिचारी नवीन, तिने आतून खोकंच आणून दाखवलं. साडूभाऊंनी चष्मा कपाळावर ढकलला, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. हिमोग्लोबिन मोजायच्या द्रावणात सोडियम लॉरिल सल्फेट होतं. "आपलाच आहे, मास्तर," ते बाही खाली करत म्हणाले. दुपारी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन सहा. त्यांच्या मुलाचा पुण्याहून फोन आला. तो म्हणत होता, छोट्या लॅबच्या मशीनवर भरवसा ठेवू नका, सहा म्हणजे काय, माणूस उभा राहील का, नक्की चुकलंय. मलाही तेच म्हणायचं होतं. ताई तर विहारात बसल्यासारख्या त्या फोनकडे हात जोडून बसल्या होत्या. साडूभाऊंनी कागद चार घड्या घालून खिशात ठेवला.

"आकडा बरोबर आहे," ते म्हणाले. "मालाची खात्री मी देतो."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळातही तोच आकडा आला. रक्त तयार होण्याच्या ठिकाणीच बिघाड आहे म्हणतात. आता दर पंधरा दिवसांनी त्यांना रक्त चढवावं लागतं. मी निवृत्त झालोय, तेव्हा सोबत जातो. खिडकीजवळची खाट मिळाली तर बरं, नाही तर मिळेल ती. सुरुवातीला ते सलाईनच्या बाटलीबद्दल, नळीबद्दल, पिशवीवरच्या अक्षरांबद्दल बोलत असत. हल्ली सुई लागली की थोड्या वेळात त्यांचा डोळा लागतो, आणि दोन-तीन तास ते तसेच पडून राहतात. मी स्टुलावर बसून वर्तमानपत्र उघडतो, तीच बातमी चार वेळा वाचतो, आणि ते काहीतरी बोलतील म्हणून पान न उलटता थांबतो. मागच्या वेळी सिस्टर पिशवी बदलायला आली, त्यांच्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "किती शांत पेशंट आहेत हो तुमचे. काही म्हणता काही त्रास नाही."

मी मान हलवली. ती गेल्यावर उशाशी ठेवलेल्या गोळ्यांच्या पाकिटाचं लेबल त्यांच्याकडे वळवून ठेवलं.